मुराळ्याचे रविवार

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. नागपूरच्या विद्यापीठात नोकरी करणाऱ्यांसाठी धंद्याच्या व्यवस्थापनाचा अर्धवेळ अभ्यासक्रम निघाला, आणि यवतमाळहून त्याला जाणारे आम्ही दोघंच होतो. एक मी, कापसाच्या जिनिंग कारखान्यातला कारकून. दुसरा माझा मित्र, सरकारी कचेरीतला. लोक त्या शिक्षणाला 'मॅनेजरकी' म्हणत. आता एमबीए झालेली पोरं गल्लोगल्ली दिसतात. माझ्या नातवानंही ते केलं, आणि एकदा मला विचारलं, "आजोबा, तुमचा कॅम्पस कसा होता?" मी म्हटलं, एसटीच्या मागच्या सीटसारखा होता. त्याला विनोद वाटला. मला विनोद करायचा नव्हता.

शनिवारी दुपारी कारखान्यातून सुटलो की डबा हातात, वह्या पिशवीत आणि धावतपळत स्टँड. कळंब, वर्धा करत गाडी नागपूरला पोचेपर्यंत दिवे लागलेले असत. तसंच धुळीच्या तोंडानं वर्गात जाऊन बसायचं. मुक्काम मित्राच्या मावशीकडे. रविवारी सकाळपासून पुन्हा वर्ग, दुपार कलली की परतीची गाडी, आणि सोमवारी सकाळी मी कापसाच्या ढिगापुढे हजर. वर्गातले बाकीचे नागपूरचेच होते, कोणी गिरणीतले, कोणी बँकेतले. ते इस्त्रीचे कपडे घालून येत आणि आमच्यापासून जरा हात राखून बसत. प्राध्यापक इंग्रजीत शिकवायचे. माणूस चांगला होता, पण उदाहरणं सगळी मोटारींच्या कारखान्यांची द्यायचा. मी तोवर एसटी आणि ट्रक सोडून दुसऱ्या कोणत्या मोटारीत बसलो नव्हतो.

हा उद्योग मला आमच्या शेठनं लावून दिला. "तू नुसता बीकॉम. ऐसे बीकॉम छप्पन मिळतात," तो म्हणाला होता. "ती नवी परीक्षा पास हो, मग असिस्टंट मॅनेजर करतो." आमचा तांडा दारव्ह्याकडचा. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवायचे. आजोबांच्या काळात ते बैल नांगराला लागले आणि आम्ही एका जागी बसलो. त्या तांड्यातला शाळेत टिकलेला पहिला मी, कॉलेजात गेलेलाही पहिला मी. मॅनेजर तर कोणी स्वप्नातही पाहिला नव्हता. मला ती खुर्ची हवी होती. उगाच साळसूदपणा करत नाही, मनापासून हवी होती.

तिची किंमत रविवार होती. आधी दर रविवारी मी तांड्यावर याडीकडे जायचो. याडी म्हणजे आमच्या बोलीत आई. अभ्यासक्रम सुरू झाला आणि ते बंद पडलं. याडी तक्रार करणारी बाई नव्हती. ती एवढंच म्हणाली, "सरकारनं तुह्या शाळेसाठी देवाचाच वार निवडला का रे?" (घरात आम्ही आमची गोर बोली बोलतो. वाचणाऱ्याला कळावं म्हणून इथं ती वऱ्हाडीत लिहितो आहे.)

मला एकच बहीण, माझ्याहून धाकटी. मी शाळेत गेलो म्हणून घरच्या शेळ्या तिच्या वाट्याला आल्या. याबद्दल तिनं मला कधी टोमणा मारला नाही. उलट मी सुटीत पुस्तक वाचत बसलो की ती शेजारी येऊन बसायची, पान उलटायची वेळ झाली की स्वतः उलटायची आणि खुशीत हसायची. वडील वारल्यावर तिचं लग्न मीच केलं. दिलं मात्र लांब. पांढरकवड्याच्या पुढं, मुकुटबनच्या रस्त्यानं जाऊन आत सागाच्या जंगलात एक तांडा आहे, तिथं. सासरा त्या तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख. माणूस सरळ, पण रीतीला सुतळीइतकाही ढिला नाही. लग्नात वडिलांच्या जागी उभं राहून बहिणीचा हात मी दिला, तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "ज्याच्या हातानं पोरगी आली, त्याच्याच हातानं माहेरी जाईन." तेव्हा ते ऐकायला फार छान वाटलं होतं.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर कळलं की धाकटीला दिवस गेले आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही आमच्यातच आहे असं नाही, सगळीकडे आहे. सासुरवाशिणीला आणायला माहेरचा माणूस जातो, मुराळी म्हणतात त्याला. याडीनं संक्रांतीलाच शेण घालून खोपटं सारवून घेतलं, बाजेला नवी दोरी विणली आणि काकाला मुराळी म्हणून पाठवलं. काका दोन दिवसांनी एकटाच परत आला. नायकानं त्याला कोंबडं कापून जेवू घातलं, रात्री बाजेवर निजवलं आणि सकाळी हात जोडले. "तुमचा मान आहे. पण पोरगी भावाच्या हातानं जाईन. भाऊ जिता आहे ना? मंग येऊ द्या त्याले." काकाचा अपमान झाला नव्हता, पण काका वर्षभर तो झाला असंच सांगत राहिला.

म्हणजे मुराळी एकच, मी. आणि मी कुठं होतो? शनिवारी वर्ध्याच्या रस्त्यावर, रविवारी नागपुरात.

वाचणारा म्हणेल, एखादा रविवार बुडवायचा. मलाही तसंच वाटलं होतं. पण दिवाळीच्या सुमारास मला हिवतापानं धरलं होतं आणि तेव्हाच बरेच वर्ग बुडाले होते. हजेरी आणखी घसरली तर परीक्षेला बसू देणार नाहीत, असं प्राध्यापकांनी मला बोलावून सांगितलं. रागावून नाही, काळजीनं सांगितलं. शिवाय धाकटीचा तांडा म्हणजे काही वाटेवरचं दुकान नव्हे. जायला एक दिवस, यायला एक दिवस, आणि नायकाच्या घरी पाहुणचार टाळून त्याच पावली निघता येत नाही. ती सुटी शेठकडे मागायची. दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत जिनिंगचा हंगाम. बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत असते. शेठ म्हणाला, "सीझनमध्ये शनिवारची आधी सुटी देतोच ना तुला? दुसऱ्या कोणाला देतो का? आता ही दुसरी. घरात आणखी कोणी माणूस नाही काय?" त्याला आमची रीत समजावून सांगायला लागलो. त्यानं निम्म्यातच हात हलवला. त्याच्या दृष्टीनं तो काही चुकीचा नव्हता.

इकडे आड, तिकडे विहीर. मी परतीच्या गाडीत मित्राजवळ कुरकुर केली. त्याच्या घरच्यांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली होती. तो तेव्हा शाळेत होता. परत गेल्यावर वडिलांनी घरातले देव टोपलीत घालून नदीला कसे नेले, ते तो रंगवून सांगायचा.

"आमी एका दिवसात देव सोडले," तो म्हणाला, "अन् तुमाले एक रीत सोडता येत नाही? त्या नायकाले सांग ना, काका अन् भाऊ एकच असते म्हणून."

"तू सांग त्याले."

"मी सांगतो. मले काय भेव आहे?"

"तुले तो कोंबडं कापून जेवू घालीन अन् सकाळी हात जोडीन."

तो हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "पाह्य बाप्पा. बाळंतपणाचं काम आहे. ते काही परीक्षेसारखं तारीख देऊन येत नाही." मी पिशवीतून वही काढून उघडली.

त्याच थंडीत प्राध्यापकांनी कामांची आखणी शिकवली. तेव्हा ते शास्त्र नवंकोरं होतं. एखादं मोठं काम घ्यायचं, त्याचे तुकडे पाडायचे, कोणता तुकडा कशाच्या आधी, ते फळ्यावर बाणांनी जोडायचं. मग दिसतं, की काही कामं एक दिवससुद्धा लांबली तर सगळंच लांबतं. आणि काही कामांना ढील असते, ती मागे सरकवली तरी बिघडत नाही. मॅनेजरनं ढील नसलेल्या कामांवर डोळा ठेवायचा, बाकीच्यांना थांबू द्यायचं. मला हे इतकं आवडलं की वर्गातल्या इस्त्रीवाल्यांच्या आधी माझं उदाहरण सुटायला लागलं. प्राध्यापकांनी सर्वांसमोर पाठ थोपटली. त्या वर्षात मला मिळालेली ती एकमेव शाबासकी.

साहजिकच मी तेच गणित घराला लावलं. हजेरी: ढील नाही. हंगाम: ढील नाही. परीक्षा: तारीख ठरलेली. धाकटीला आणणं: याडीच्या हिशेबानं बाळंतपण पाडव्याच्या पुढं. म्हणजे परीक्षा संपल्या संपल्या नागपूरहून परस्पर निघालो तर जमत होतं. अगदी घासून, पण जमत होतं. जंगलात दिवसभर मोहफुलं वेचणाऱ्या, पाण्यासाठी टेकडी उतरणाऱ्या बाईचे दिवस याडीच्या बोटांवर चालत नाहीत, हे फळ्यावर कुठं लिहिलेलं नव्हतं.

धाकटीचे निरोप मला कारखान्यात मिळायचे. पांढरकवड्याकडून कापसाचे ट्रक येत. त्यातल्या एकाचा ड्रायव्हर तिच्याच तांड्याचा होता. वजनकाट्यावर गाडी लावून तो माझ्या टेबलाशी येई, डोक्याचा रुमाल सोडून मान पुसत म्हणे, "तुमची बहीण इचारते, भीया कवा येते?" भीया म्हणजे भाऊ. मी म्हणायचो, "परीक्षा झाली का येतो म्हणा. पाडव्याच्या आधी येतोच." तो मान हलवून जायचा. पुढच्या फेरीला पुन्हा तेच. एकदा म्हणाला, "ते म्हणे, शाळेत भीयाचा नंबर कितवा आहे ते इचारून ये." मी सांगितलं, "सांग, पहिला." खरं म्हणजे तिथं नंबर वगैरे काही नव्हते. तिला बरं वाटावं म्हणून सांगितलं.

नागपूरच्या स्टँडवर दर रविवारी आमच्या यवतमाळच्या गाडीशेजारी पांढरकवड्याची गाडी लागलेली असायची. हैदराबादच्या रस्त्यानं ती सरळ तिकडे जायची. कंडक्टर ओरडत असायचा. एका रविवारी मी त्या गाडीच्या पायरीवर पायसुद्धा ठेवला. मित्रानं पाहिलं आणि तो माझी पिशवी हातात घेऊन उभा राहिला. मी पाय खाली घेतला. सोमवारी शेठच्या दारात मोठं गिऱ्हाईक येणार होतं.

होळी झाली. आमच्या तांड्यात होळीइतका मोठा सण नाही. त्या वर्षी मी तिलाही गेलो नाही. होळीनंतर तो ड्रायव्हर आला तेव्हा त्यानं काट्यावर गाडी लावली, माल उतरवला आणि माझ्या टेबलाकडे न येताच निघाला. मी खिडकीतून हाक मारली, "सगळं ठीक आहे ना तिकडं?" त्यानं हात वर केला, रुमाल बांधला आणि गाडी काढली. खोटं कशाला लिहू, मला हायसं वाटलं. आज तरी तेच तेच उत्तर द्यावं लागलं नाही, असं मनात आलं आणि मी कामाला लागलो.

परीक्षा बरी गेली. शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो तेव्हा ऊन असं पेटलं होतं की रस्त्यावर माणूस नव्हतं. मित्र मला पांढरकवड्याच्या गाडीपर्यंत सोडायला आला. मी धाकटीसाठी संत्री घेतली होती. मित्रानं स्वतःच्या पैशानं एक लाल झबलं घेतलं. मी म्हटलं, आमच्यात मूल व्हायच्या आधी कपडे घेत नाहीत. तो म्हणाला, "आमच्यातही घेत नव्हते. आता घेतो." आणि माझ्या पिशवीत कोंबलं. तो खुश होता. परीक्षा संपली होती, दोघंही खुश होतो.

रात्र पांढरकवड्याच्या स्टँडवर काढली. सकाळी मुकुटबनकडे जाणारी गाडी धरली आणि मधेच उतरून जंगलातून चालायला लागलो. साग उघडेबोडके झालेले, खाली वाळलेल्या पानांचा खच, आणि मोहाखाली टोपल्या घेऊन बाया. चालता चालता मी मनाची तयारी करत होतो. कारण आमच्या बायांची एक रीत आहे. माहेरचं माणूस बऱ्याच दिवसांनी दिसलं की त्या गळ्यात पडून मोठ्यानं रडतात. नुसतं रडणं नाही. सुरात रडायचं, आणि त्या सुरातच इतक्या दिवसांत काय काय झालं ते सगळं सांगायचं. कोण आजारी पडलं, सासू काय बोलली, कोणती गाय गेली, तू काहून आला नाहीस. समोरच्यानं मधे बोलायचं नाही, ऐकायचं. शेजारपाजारच्या बायाही येऊन त्यात सूर मिसळतात. मग डोळे पुसायचे, पाणी द्यायचं आणि हसून बोलायला लागायचं. जे रडण्यात सांगितलं त्याचा पुन्हा विषय काढायचा नाही. धाकटी एकदा नवऱ्याबरोबर यवतमाळला आली होती, तेव्हा स्टँडवरच माझ्या गळ्यात पडून रडली. लोक गोळा झाले. एका शिपायानं विचारलं, कोण गेलं? मित्र सोबत होता, तो त्याला म्हणाला, "कोणी गेलं नाही साहेब, भाऊ भेटला." शिपाई आम्हाला खुळ्यात काढून निघून गेला.

त्या दिवशी वाटलं, आज चांगलं तासभर रडणार ही. इतके महिने वाट पाहायला लावली. रड बाई, म्हटलं, आणि सगळं सांग.

नायकाच्या अंगणात ती मोहफुलं वाळत घालत होती. मला पाहून उठली. फेटिया, म्हणजे आरशांचा घागरा, झटकला, ओढणी कपाळावर ओढली. मी पिशवी खाली ठेवून खांदा पुढे करून उभा राहिलो. सासू बाहेर आली. दोन शेजारणी आल्या आणि ओढणीची टोकं हातात घेऊन तयार राहिल्या. धाकटी आत गेली. पाण्याचा लोटा घेऊन आली आणि माझ्यापुढं जमिनीवर ठेवला, जसा परक्या पाहुण्यापुढं ठेवतात. मग पुन्हा जाऊन मोहफुलांपाशी बसली.

शेजारणी एकमेकींकडे पाहू लागल्या. सासू हळूच म्हणाली, "रड ना बाई. भीया आला."

ती खाली बघून म्हणाली, "माह्यं रडून झालं."

तेव्हा माझं लक्ष तिच्या पोटाकडे गेलं. मी मूर्खासारखं घराच्या दाराकडे पाहिलं, आत कुठं झोळी टांगली आहे का म्हणून. नायकानं मला हाताला धरून बाजेवर बसवलं. तो म्हातारा माणूस बोलताना अडखळत होता. होळीच्या आधी पोट दुखायला लागलं. दिवस अजून भरायचे होते. दवाखाना पांढरकवड्याला. बैलगाडी जुंपली, पण अर्ध्या वाटेवरच झालं. मुलगा होता. रडला पण होता. होळी पेटायच्या आत गेला.

"मले निरोप काहून नाही दिला?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. कोणावर तरी चिडायला हवं होतं आणि समोर तोच होता.

"ड्रायव्हरजवळ द्याचाच होता," तो म्हणाला. "इनंच देऊ नाही देला. म्हणे, भीयाची परीक्षा आहे. पह्यला नंबर आहे त्याचा. आत्ता नका सांगू."

दुपारी जेवण वाढलं, ते मी गिळलं. संध्याकाळी नायकानं तांड्यातली चार माणसं बोलावली आणि त्यांच्यासमोर हात जोडून म्हणाला, "भाऊ आला. आता पोरीले त्याच्या हातानं पाठोतो. चार महिने राहू दे माहेरी." त्याचे डोळे भरले होते. त्या माणसावर मला आजही राग धरता येत नाही. त्याचा शब्द त्यानं पाळला. फक्त त्याच्या शब्दालाही ढील नव्हती.

धाकटीनं मान हलवली. "आता कायले जाऊ? याडीनं बाज विणून ठेवली असन. तिच्यावर मी काय घेऊन निजू?"

मी पुष्कळ विनवलं. म्हटलं, याडी वाट पाहते आहे, तिला तुझं तोंड तरी दिसू दे. ती ऐकून घेत होती, मोहफुलं चाळत होती. शेवटी म्हणाली, "पास झालास का?"

"निकाल लागाचा आहे."

"मंग पास हो," ती म्हणाली. यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. संत्री तिनं घेतली आणि सगळ्यांना वाटली. झबलं मी पिशवीतून काढलंच नाही.

दुसऱ्या दिवशी एकटाच निघालो. पुढं मी पास झालो. असिस्टंट मॅनेजर झालो, नंतर मॅनेजरही झालो आणि त्या खुर्चीतूनच निवृत्त झालो. त्या नोकरीबद्दल लिहिण्यासारखं फार काही नाही. धाकटीला पुढं दोन मुली झाल्या, दोन्ही सासरीच. ती माझ्याशी बोलायची, हसायची, माझ्या मुलांचे लाड करायची. गळ्यात पडून मात्र पुन्हा कधी रडली नाही. मीही तिला कधी विचारलं नाही.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. पांढरकवड्याहून यवतमाळ, तिथून दारव्ह्याची गाडी. तांड्याच्या फाट्यावर उतरलो तेव्हा दिवस बुडत होता. माझ्याबरोबर आमच्याच लोकांतली एक बाई उतरली. शेजारच्या तांड्याची, आमच्या तांड्यात तिचा मामा होता, त्याच्याकडे निघालेली. तशाच आरशांचा फेटिया, तशीच ओढणी, आणि पाठीला बांधलेलं लहान मूल. वाट एकच, म्हणून ती माझ्या मागं दहा पावलं ठेवून चालत होती. माझं तिच्याकडे लक्षही नव्हतं. याडीला कसं सांगायचं, याची मी वाक्यं जुळवत होतो आणि ती मोडत होती.

याडीला मी सांगून ठेवलं होतं, की परीक्षा संपली की धाकटीला घेऊनच येतो. ती रोज संध्याकाळी गाडीच्या वेळेला तांड्याबाहेरच्या लिंबाखाली येऊन बसायची, हे मला नंतर काकानं सांगितलं. तिची नजर तेव्हा अधू झाली होती. तिनं दुरून मला ओळखलं. माझ्यामागं फेटिया ओळखला आणि पाठीवरचं मूल ओळखलं. ती उठली. मी "याडी" म्हणेपर्यंत ती माझ्या बाजूनं पुढं गेलीसुद्धा, आणि त्या बाईच्या गळ्यात पडून तिनं रडायला सुरुवात केली.

ती बाई गोंधळली. तिनं ओढणीआडून एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काय खूण करणार होतो? आमच्यात गळ्यात पडून रडणारीला दूर ढकलत नाहीत, ती कोणीही असो. त्या बाईनं हात याडीच्या पाठीवर ठेवला, डोकं तिच्या खांद्यावर टेकवलं आणि तीही सुरात रडू लागली. काय झालं आहे, हे काहीही माहीत नसताना.

याडी सुरात सांगत होती. तुह्यासाठी खोपटं सारवलं ग माये. बाज विणली ग. काकाले पाठोलं तर रिकामा आला. भीयावर राग धरू नको ग, त्याची शाळा मोठी होती, त्याले कोणी सुटी नाही देली. आता आली ना तू, आता आलं ना माह्यं लेकरू. असं म्हणत तिनं हात लांब करून त्या पाठीवरच्या मुलाचे पाय चाचपले आणि आणखी जोरात रडली. तांड्यातून बाया धावत येत होत्या, ओढण्या सावरत, सूर मिसळायला.

मी बाजूला उभा होतो. ते रडणं संपलं की याडी डोळे पुसून त्या बाईचं तोंड पाहणार होती, आणि मग मला बोलावं लागणार होतं. मी आयुष्यात कधी देवाजवळ काही मागितलं नाही. त्या वेळी मागितलं, की तिला आणखी थोडा वेळ रडू दे.